‘उद्या’ सांगायची नोकरी

साखर कारखान्यात नोकरी करते म्हटलं की लोकांना वाटतं, हिच्या घरी साखरेची पोती येऊन पडत असतील. साखरेचं सोडा, डॉक्टरांनी माझं मीठसुद्धा कमी केलं, तेही चव्वेचाळिसाव्या वर्षी. रक्तदाबाची गोळी मागं लागली. कारण एकच, गळीत हंगामातला माझा फोन.

कारखाना कुठला ते सांगत नाही. इंदापूर तालुक्यात त्याचं एक गट ऑफिस आहे. दोन खोल्या, पुढं पत्र्याची शेड आणि शेडखाली कायम दहाबारा मोटारसायकली. मी तिथं ऊस विभागात क्लार्क आहे. जळोचीहून रोज सकाळी स्कूटीवर निघते आणि सणसर मागं टाकून पुढं जाते. कुणी ऊस कधी लावला त्याची नोंद माझ्याकडं, आणि त्या नोंदीप्रमाणं कुणाच्या शेतात तोडणीची टोळी कधी पाठवायची, तो कार्यक्रमही माझ्याकडं. ज्यानं आधी लावला त्याची तोड आधी, एवढा सोपा नियम. पण टोळ्या थोड्या, ऊस उदंड, मध्येच ट्रॅक्टर बंद पडतो, मध्येच टोळीतल्या कुणाच्या गावी लग्न निघतं. त्यामुळं दिवाळीपासून शिमग्यापर्यंत अख्खा गट मला एकच प्रश्न विचारतो, "ताई, माझी तोड कधी?"

लोकांचं चुकत नाही. उसाला तुरा आला की वजन घटतं. वर्षभर सांभाळलेलं पीक डोळ्यांदेखत हलकं होताना बघून कोण गप्प बसेल? पण त्यांचं चुकत नाही म्हणून माझं डोकं दुखायचं थांबत नव्हतं. घरी कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकून फोन शोधायचे. नवरा म्हणायचा, "उचल, भाताचा फोन आहे."

ऑफिसात आम्ही तिघं. ओव्हरसियर साहेब, मी आणि स्लिपबॉय. स्लिपबॉय म्हणजे शेतात जाऊन उसाच्या गाड्यांना चिठ्ठ्या देणारा माणूस. नावाला बॉय, घरी नातवंडं शाळेत जातात. ताण घालवायची ज्याची त्याची रीत होती. फोन वाजायला लागला की साहेब "जरा फडावर जाऊन येतो" म्हणून गाडी काढायचे. ते कुठल्या फडावर गेले, हे ऊस तोडणाऱ्यांनाही माहीत नसायचं. स्लिपबॉय फोन उचलून "हॅलो... हॅलो... रेंज न्हाय" असं ओरडायचा, तेही समोरच्याचं बोलणं स्वच्छ ऐकू येत असताना. एकदा एका शेतकऱ्यानं आमच्या शेडमधूनच फोन लावला होता. तो दार ढकलून आत आला आणि म्हणाला, "आता आली का रेंज?"

माझी रीत होती ‘उद्या’. ही विद्या मला आधीच्या क्लार्कनं दिली. बारा वर्षांपूर्वी चार्ज देताना त्यानं कपाटाची किल्ली दिली, शिक्के दिले आणि म्हणाला, "ताई, कुणी कितीबी विचारलं तरी उद्या म्हणायचं." खरी तारीख सांगितली, समजा वीस दिवसांनी, की माणूस अर्धा तास भांडतो, आपल्या मेव्हण्याला फोन लावून देतो, मेव्हणा कुणातरी पुढाऱ्याला लावून देतो. ‘उद्या’ म्हटलं की पाच सेकंदांत फोन बंद. मला ही सोय फार आवडली. माझं माहेर कऱ्हाटीचं. लहानपणी पाण्याच्या टँकरची वाट बघताना मी स्वतः इतकी ‘उद्या’ ऐकली होती की त्यात काही खोटं आहे असं मला वाटलंच नाही.

फक्त एक गोष्ट बारा वर्षांत ध्यानात आली नाही. माझ्या एका ‘उद्या’ला दुसऱ्या दिवशी दोन फोन यायचे. सकाळी "निघाली का टोळी?" आणि संध्याकाळी "का न्हाय आली?"

गेल्या हंगामात मुख्य कार्यालयाला आमची काळजी वाटली. पुण्याहून एक प्रशिक्षक बोलावले आणि सगळ्या गट ऑफिसांतल्या लोकांना हॉलमध्ये बसवून ताणतणावाचं व्यवस्थापन शिकवायचं ठरलं. माणूस गोड होता. म्हणाले, डोळे मिटा, श्वास आत घ्या, धरून ठेवा, आणि डोळ्यांपुढं एक शांत जागा आणा. आम्ही साठ-सत्तर जणांनी श्वास धरला आणि नेमका कुणाचा तरी फोन वाजला. तो श्वास धरूनच म्हणाला, "उद्या!" हॉलमधले सगळे फुटले. मग प्रशिक्षकांनी चिठ्ठ्या वाटल्या. ताणाचं कारण एका शब्दात लिहा, नाव घालू नका. त्यांनी पहिली चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचली, "साहेब." दुसरी वाचली, "साहेब." पुढच्या रांगेत बसलेले सगळे साहेब मागं वळून आमच्याकडं बघायला लागले. तिसरी चिठ्ठी प्रशिक्षकांनी न वाचताच खिशात घातली आणि चहाची सुट्टी दिली. जाताना ते एक म्हणाले, "नाही म्हणायला शिका." मी दुसऱ्याच दिवशी शिकलेलं वापरून पाहिलं. "ताई, आज येती का टोळी?" "नाही." "मग उद्या?" मी "हो" म्हणून मोकळी झाले.

त्याच हंगामात आबांचा फोन येत होता. आबा म्हणजे कॅनॉलच्या खालच्या अंगाला अडीच एकर ऊस असलेले एक म्हातारे शेतकरी. बाकीचे आवाज चढवून बोलायचे, आबा कधी नाही. "ताई, आज?" "आबा, उद्या." "बरं बरं." एवढंच बोलणं. माझ्या सगळ्या फोनांतला तो सगळ्यात सुखाचा फोन. मी घरी सांगायचे, सगळे शेतकरी आबांसारखे असते तर माझी गोळी बंद झाली असती.

एके दिवशी दुपारी त्यांची सून ऑफिसात आली. मी सवयीनं म्हणाले, "तुमची तोड उद्या."

"तेच सांगाया आलीय," ती म्हणाली. "आमच्या आबांना उद्या म्हणू नका. वरीसभर तोड न्हाय आली तरी चालंल, पर उद्या म्हणू नका."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. मग तिनं सगळं सांगितलं. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पार पिकलेला. बारामतीच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या तीन तारखा दिल्या आणि तिन्ही वाया गेल्या. पहिल्या वेळी आबा म्हणाले, उद्या टोळी येतीय, मी कसा जाऊ? दुसऱ्या वेळी गाडीत बसले, गाडीतून मला फोन केला, मी ‘उद्या’ म्हणाले आणि ते उतरले. तिसऱ्या वेळी तर दवाखान्यात नंबर लागलेला असताना उठून आले. "डॉक्टर म्हणत्यात, आता लांबवलं तर डोळा हाताशी लागायचा न्हाय," ती म्हणाली.

"अगं, पण एवढं दिसत नाही?"

"दिसतंय कुठलं? परवा शेजारच्या वस्तीवर वरात व्हती. डीजेची ट्रॉली रस्त्यानं चाललेली, अजून वाजायची व्हती. आबांना नुसता ट्रॅक्टरचा आवाज कळला. रस्त्यात हुबं राहून हातानं खुणा करत्यात, हिकडं घ्या, हिकडं, बांधाच्या कडंनं या. डायवर नवखा, वळला. पार उसाच्या तोंडाशी ट्रॉली! आबा त्याला इचारत्यात, कोयतं कुठं हायत? तवर नवरदेव घोडीवरनं वराडत आला."

ती सांगताना हसत होती, मीही हसले. हसता हसता ध्यानात आलं. अख्ख्या गटात माझ्या ‘उद्या’वर विश्वास ठेवणारा हा एकच माणूस होता. बाकीचे शिव्या घालून आपापल्या कामाला लागायचे. ह्यांनी मात्र माझ्या शब्दावर उसाचं पाणी तोडलं होतं, कारण रान ओलं असलं तर ट्रॉली रुतते, आणि माझ्याच शब्दावर ते डोळा घालवायला बसले होते. मला माझीच लाज वाटली. इतकी लाज लहानपणी चोरी पकडली तेव्हाही वाटली नव्हती.

सून गेल्यावर मी कार्यक्रम काढून बघितला. आबांच्या नोंदीप्रमाणं त्यांचा नंबर अजून बावीस दिवस लांब होता. लगेच फोन लावला.

"आबा, तुमची तोड उद्या नाही. बावीस दिवसांनी आहे."

आबांनी दोनदा विचारून आकडा पक्का केला. मग म्हणाले, "मग ह्ये आदी का न्हाय सांगितलं?"

मला थाप सुचेना. म्हणाले, "आबा, भीती वाटायची."

"माझी? मला धड दिसत बी न्हाय, माझी कसली भीती?"

मी ऑपरेशनचा विषय काढला. ते तयार होईनात. तोडीच्या वेळी मालक फडावर नसला की ऊस बुडापासून न छाटता वीतभर वर छाटतात, शेजाऱ्याच्या सरीत शिरतात, ही त्यांची काळजी. "आन् बावीसचं पंधरा झालं तर? हुबं कोण राहणार?" त्यांचा मुलगा दूरच्या गावी नोकरीला, सून त्यांच्याबरोबर दवाखान्यात. मी झटक्यात म्हणाले, "मी उभी राहीन." बोलून गेले खरी, आणि तेवढ्यावर आबा नवी तारीख घ्यायला तयार झाले. बारा वर्षांत उसाच्या फडात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. माझा सगळा ऊस रजिस्टरात होता.

त्या दिवशी मी ठरवलं, आता खरं सांगायचं, सगळ्यांना. पुढच्या वीस-पंचवीस दिवसांचा कार्यक्रम मोठ्या अक्षरात लिहून शेडमध्ये चिकटवला आणि फोनवरही तारखा सांगायला लागले. साहेबांना धक्का बसला. म्हणाले, "ताई, शेतकऱ्याला खरं सांगून कसं चालंल?" पहिले तीन दिवस त्यांचंच बरोबर निघालं. शेडमध्ये गर्दी, आरडाओरडा, कुणाचे मेव्हणे, कुणाचे व्याही. एकानं तर सांगितलं की कागद फाडून टाका, आधीची बाई बरी होती. मी म्हणाले, आधीची बाई मीच. गोळी मी त्या तीन दिवसांत दोनदा विसरले आणि दोनदा घेतली की काय तेही आठवेना.

चौथ्या दिवशी सकाळी ऑफिसात बसून मला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. काय बिघडलंय ते कळेना. स्लिपबॉयनं माझा फोन उचलून हलवून बघितला. बंद पडला नव्हता, नुसता वाजत नव्हता. ज्याला ठाऊक आहे की आपली तोड एकोणीस दिवसांनी, तो आज फोन कशाला करेल? तो गेला होता गव्हाला पाणी द्यायला. मला बारा वर्षं छळणारे फोन मीच पेरले होते, दुसरं कुणी नाही. दुपारी मी पहिल्यांदाच डबा गरम असताना खाल्ला.

आठव्या दिवशी आबांचं ऑपरेशन होतं. सकाळी नऊ वाजता स्लिपबॉय धावत आला. त्या दिवशी ज्या शेतकऱ्याकडं टोळी गेली होती, त्याच्या रानात गुडघाभर चिखल. त्यानं पाणी तोडलंच नव्हतं. त्याला विचारलं तर म्हणाला, "तुमच्या तारखेवर कोण विश्वास ठेवतंय? मला वाटलं, नवी थाप." त्याच्या पुढच्या दोघांचीही तीच कथा. बारा वर्षांचं पेरलेलं एका कागदानं थोडंच निघणार! टोळी, दोन ट्रॉल्या, सगळा लवाजमा रस्त्यावर उभा. टोळीचा मुकादम म्हणाला, वाळलेलं रान दाखवा, नाहीतर दुसऱ्या गटात जातो. कॅनॉलच्या खाली वाळलेलं रान एकच होतं. ज्यानं माझ्या प्रत्येक ‘उद्या’ला पाणी तोडून ठेवलं होतं, त्याचं.

टोळी आबांच्या शेताकडं वळवली आणि मी डोकं धरून बसले. आबांना कळवलं, तर उठून येतील आणि चौथी तारीखही वाया जाईल. नाही कळवलं, तर मी पुन्हा थापाडी. साहेब म्हणाले, "संध्याकाळी सांगा, सगळं उरकल्यावर." सल्ला व्यवहाराचा होता. पण माझ्याच्यानं होईना. मी स्कूटी काढली, आबांच्या बांधावर जाऊन उभी राहिले आणि तिथून फोन लावला. सुनेनं त्यांच्या कानाला धरला.

"आबा, मी बावीस दिवस म्हणाले होते. ते चुकलं. टोळी आज आलीय. मी तुमच्या बांधावर उभी आहे. तुम्ही उठायचं नाही."

फोनमधून दवाखान्यातल्या माणसांचे आवाज येत होते. कुणीतरी नंबर पुकारला.

"कुठल्या बांधावर?" आबा म्हणाले.

"हापश्याजवळच्या. बाभळीखाली."

"ट्रॉली कुठनं घातली?"

"कॅनॉलच्या रस्त्यानं."

मग म्हणाले, "बुडात छाटाया सांगा. वाढं मागाया शेजारची येत्याल, त्यांना न्हाय म्हणू नका." आणि सुनेला म्हणाले, "घे गं फोन. माझा नंबर कितवा हाय?"

फोन बंद झाला. आनंदानं रडू येत होतं आणि समोर मुकादम कोयता घेऊन उभा, म्हणून रडताही येईना.

दिवसभर मी त्या फडात होते. पंजाबी ड्रेस, डोक्यावर स्कूटीचं हेल्मेट, कारण उसाचं पाचट तोंडाला कापतं हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. टोळीतल्या बायका हसून हसून बेजार. एक म्हणाली, "म्याडम, गाडीवरनं उतरलाय तुमी." मी ओरडायचे, "खालून छाटा, बुडातून!" तर त्या मुद्दाम विचारायच्या, "बूड म्हंजी कुठलं, म्याडम?" शेवटी एकीनं माझ्या हातात कोयता दिला. मी तीन ऊस तोडले. तिन्ही वीतभर वर. त्यानंतर मी कुणाला काही सांगितलं नाही. शेजारच्या बाया गुरांसाठी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, न्यायला आल्या, त्यांना आबांचा निरोप दिला. दुपारी टोळीबरोबर बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. डॉक्टरांनी कमी केलेलं मीठ त्यात भरपूर होतं. तुम्हाला सांगते, बारा वर्षांच्या नोकरीत इतका चांगला दिवस गेला नव्हता. ज्या कामाची नुसती तारीख मी देत होते, ते काम डोळ्यांनी बघितलं.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं.

पंधरा-वीस दिवसांनी आबा स्वतः ऑफिसात आले, काळा चष्मा लावून. त्यांनी चष्मा वर करून मला निरखून बघितलं आणि म्हणाले, "आवाजावरनं मला वाटलं, बाई थोराड असंल." मग शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "बावीस म्हणाली, आन् आठव्या दिशी आली टोळी. खरं बोलाया अजून शिकतीय." शेडमध्ये हशा पिकला. माझ्या तीन उसांची बुडंही त्यांनी दिसत असलेल्या डोळ्यानं हेरली होती. ती कुणाची असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी टोळीवर ढकललं नाही.

चहा झाल्यावर ते म्हणाले, "ताई, आता डाव्या डोळ्याची तारीख घ्यायची हाय. तुमी सांगा."

"आबा, आता तुमचं रान रिकामं आहे. मला कशाला विचारता? डॉक्टरांना विचारा."

"डॉक्टर कवाबी या म्हणतोय. पर घरात दोन मतं हायत. ल्योक म्हणतो उन्हाळ्यानंतर, सून म्हणती लगीच. रोज फोनवर वाद. ताईनं सांगितलंय म्हणलं की आमच्यात कुणी बोलत न्हाय."

माझा शब्द कुणाच्या घरात शेवटचा मानतात, हे मला माझ्या स्वतःच्या घरातही कधी ऐकायला मिळालं नव्हतं. डोळे भरून आले ते मी लपवले नाहीत, त्यांना आता सगळं दिसत होतं.

मी आधी त्यांच्या सुनेला फोन करून विचारलं, गाडी कधी मोकळी आहे. मग दवाखान्यात विचारलं. दोन्हीकडून होकार आल्यावर आबांना येत्या बुधवारची तारीख दिली.